टाका घालणाऱ्या हातातील साधने : यतनेचा एक इतिहास

भगवान महावीरांच्या साधनाकाळातील एका मोठ्या उपसर्गाची कथा श्वेतांबर परंपरेत सांगितली जाते. क्रोधाने अंध झालेल्या एका गोपालकाने ध्यानस्थ प्रभूंच्या दोन्ही कानांत शलाका ठोकल्या. पुढे प्रभू भिक्षेसाठी सिद्धार्थ नावाच्या श्रेष्ठीच्या घरी गेले असता तेथे उपस्थित असलेल्या खरक वैद्याच्या ध्यानी त्यांची वेदना आली. वैद्याने सांडशीने त्या शलाका ओढून काढल्या आणि जखमांवर औषधी लावली. शलाका निघतानाची वेदना असह्य होती. तरीही परंपरेने गोपालकाच्या वाट्याला अधोगती आणि वैद्य व श्रेष्ठी यांच्या वाट्याला सद्गती दिली. शरीराला वेदना दोघांच्याही हातून झाली होती. एकाच्या हाताला द्वेषाने गती दिली होती, दुसऱ्याच्या हाताला करुणेने.

जैन दर्शनाने हिंसेचा विचार करताना प्रमादाला, म्हणजे असावधपणाला, मध्यवर्ती स्थान दिले आहे. तत्त्वार्थसूत्रातील हिंसेची व्याख्या याच प्रमादाशी जोडलेली आहे. पाच समितींपैकी आदान-निक्षेपण समिती ही तर वस्तू उचलताना आणि ठेवताना बाळगावयाच्या सावधानतेचीच शिकवण होय. शल्यचिकित्सेच्या इतिहासाकडे या दृष्टीने पाहिल्यास एक गोष्ट ठळकपणे जाणवते. जखम शिवण्यासाठी वापरली जाणारी सुई, दोरा आणि सुई धरण्याची पकड या लहानशा साधनांत शतकानुशतके जी सुधारणा होत गेली, तिचे मर्म एका शब्दात सांगावयाचे तर तो शब्द ‘यतना’ हाच आहे. रुग्णाला कमीत कमी इजा व्हावी, मुक्या प्राण्यांवरील भार कमी व्हावा आणि शल्यवैद्याचा स्वतःचा हातही सुरक्षित राहावा, या तीन दिशांनी ही वाटचाल झाली. ती सरळही नव्हती आणि निष्कलंकही नव्हती.

सुश्रुतांची सुई आणि संदंश

भारतीय शल्यतंत्राचा आद्य आधार असलेल्या सुश्रुतसंहितेत १०१ यंत्रे आणि २० शस्त्रे वर्णिली आहेत. मात्र सर्व यंत्रांत हात हेच प्रधान यंत्र होय, असेही तेथे बजावले आहे. यंत्रांच्या गटांत ‘संदंश’ हा एक गट आहे. मराठी स्वयंपाकघरात चुलीवरचे भांडे उतरविणारी सांडशी ही त्याच शब्दाची लेक. ‘स्वस्तिक’ गटातील यंत्रांची मुखे सिंह, वाघ, कावळा इत्यादी पशुपक्ष्यांच्या मुखांसारखी असत. त्यांपैकी कंक पक्ष्याच्या चोचीसारखे कंकमुख यंत्र सर्वांत श्रेष्ठ मानले गेले, कारण ते सहज आत जाते, घट्ट धरते आणि सहज बाहेर येते. धरणाऱ्या साधनाच्या गुणदोषांचा इतका नेमका विचार त्या काळी झाला होता.

सुईच्या बाबतीतही सुश्रुतांनी तीन प्रकार सांगितले. जेथे मांस अल्प आहे तेथे व सांध्यांवर दोन अंगुळे लांबीची गोल सुई, मांसल भागासाठी तीन अंगुळे लांबीची त्रिधारी सुई आणि मर्मस्थान, उदर वगैरे ठिकाणी धनुष्यासारखी वक्र सुई. आजच्या शस्त्रक्रियागृहातही गोल अंगाची, त्रिकोणी धारेची आणि अर्धवर्तुळाकार सुई असे भेद कायम आहेत. टाके फार दूर घातल्यास जखमेच्या कडांना वेदना होते आणि फार जवळ घातल्यास कड फाटते, हा इशाराही तेथे आहे. ताग, जवस, अश्मंतकाची साल, मूर्वा, गुळवेल अशा वनस्पतींचे धागे शिवण्यासाठी सांगितले आहेत. त्यांच्याच जोडीला स्नायुतंतू आणि केस यांचाही उल्लेख आहे. शिवण्याचा सराव शिष्याने जाड विणीच्या वस्त्राच्या कडांवर व मऊ चामड्यावर करावा असे सांगितले आहे. जिवंत शरीराला हात लावण्यापूर्वी हाताला वळण लागले पाहिजे, हा त्यामागील विचार होता.

जैन वैद्यकाची परंपरा

जैन आचार्यांनीही वैद्यकाकडे पाठ फिरविली नाही. राष्ट्रकूट सम्राट अमोघवर्ष नृपतुंग यांच्या काळातील, म्हणजे नवव्या शतकातील, उग्रादित्याचार्यांचा ‘कल्याणकारक’ हा संस्कृत ग्रंथ याची साक्ष देतो. मद्य, मांस व मधु यांना फाटा देऊन चिकित्सा सांगणारा हा ग्रंथ इ.स. १९४० मध्ये पं. वर्धमान पार्श्वनाथ शास्त्री यांच्या संपादनाने सोलापूर येथून प्रसिद्ध झाला, ही महाराष्ट्रातील जैन समाजाला अभिमानाची बाब होय. उग्रादित्यांनी आपल्या पूर्वसूरींचा उल्लेख करताना पूज्यपादांकडे शालाक्य आणि पात्रस्वामींकडे शल्यतंत्र यांचे श्रेय दिले आहे. ज्या धर्माने सूक्ष्मातिसूक्ष्म जीवाची चिंता वाहिली, त्या धर्माच्या आचार्यांनी शल्यतंत्र त्याज्य मानले नाही. औषधात प्राणिज पदार्थ नकोत हा त्यांचा आग्रह मात्र अढळ होता. हाच आग्रह पुढे हजार वर्षांनी शिवण्याच्या दोऱ्यासंबंधी नव्या रूपात उभा राहावयाचा होता.

पुण्यानजीकची बिनटाक्याची शस्त्रक्रिया

लंडनच्या ‘जेंटलमन्स मॅगझिन’ या मासिकाच्या ऑक्टोबर १७९४ च्या अंकात पुण्यानजीक झालेल्या एका शस्त्रक्रियेचा वृत्तांत छापला गेला. इंग्रज फौजेत बैल हाकण्याचे काम करणारा कावसजी नावाचा मराठा शेतकरी टिपू सुलतानाच्या कैदेत सापडला. त्याचे नाक आणि एक हात कापण्यात आला. विटा करणाऱ्या जातीतील एका कारागिराने त्याच्या कपाळावरील कातडी खाली वळवून त्याला नवे नाक करून दिले. ही कातडी जागेवर बसविताना टाके घातले गेले नाहीत. कात पाण्यात मऊ करून कापडाच्या पट्ट्यांवर लावला आणि त्या पट्ट्या एकावर एक बसवून जोड पक्का केला.

हा वृत्तांत वाचून युरोपातील शल्यवैद्य चकित झाले. लंडनचे जोसेफ कार्प्यू यांनी इ.स. १८१४ मध्ये या पद्धतीने शस्त्रक्रिया केली आणि १८१६ मध्ये तिच्यावर ग्रंथ लिहिला. टाका हे साधन आहे, साध्य नव्हे, हे त्या अनाम कारागिराने दाखवून दिले होते. जेथे टाक्यावाचून जखम मिळून येते, तेथे सुई न टोचणे हीच उत्तम शल्यक्रिया होय.

बोटांकडून पकडीकडे

शतकानुशतके सुई बोटांनीच धरली जात असे. वरवरच्या जखमेसाठी ते पुरेसेही होते. परंतु टाळू, ओटीपोट यांसारख्या खोल व अरुंद जागी बोटे पोहोचेनात. रक्ताने ओली सुई बोटांतून निसटे, वाकडी घुसे आणि कड फाडून टाके. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात यातूनच सुई धरण्याच्या स्वतंत्र पकडी घडू लागल्या. बर्लिनचे योहान डीफेनबाख (१७९२–१८४७) यांच्या नावाची पकड आजच्या ‘नीडल होल्डर’च्या पूर्वजांत गणली जाते.

इ.स. १८४६ मध्ये बोस्टन येथे ईथरची भूल जाहीरपणे देण्यात आली आणि शस्त्रक्रियेचे रूपच पालटले. तोपर्यंत वेग हाच शल्यवैद्याचा मोठा गुण मानला जाई, कारण रुग्ण जागा असे. आता सावकाश, निगुतीने शिवण्यास अवसर मिळाला. साधनांकडूनही अधिक नेमकेपणाची अपेक्षा होऊ लागली.

नीडल होल्डरची रचना वरकरणी कात्रीसारखी दिसते, पण तिचे गणित वेगळे आहे. जबडा आखूड आणि दांडे लांब असल्याने हाताच्या थोड्या जोराने सुईवर मोठा दाब येतो. दांड्यांवरील दातेरी खटका एकदा लागला की सुई पकडून ठेवण्यासाठी बोटे आवळून धरावी लागत नाहीत आणि हात थकत नाही. जबड्याच्या आतील बाजूस आडव्या-उभ्या बारीक खाचा असतात, त्यामुळे सुई फिरत नाही. सुईचे अंगही मधल्या भागात किंचित चपटे करण्यात आले. जर्मन स्त्रीरोगतज्ज्ञ आल्फ्रेड हेगार (१८३०–१९१४) यांच्या नावाशी जोडलेली कड्यांच्या दांड्यांची पकड आणि पॅरिसच्या मॅथ्यू या हत्यारे बनविणाऱ्या घराण्याच्या नावाची तळहातात धरावयाची पकड, ही दोन्ही घराणी आजही वापरात आहेत.

पुढे या जबड्यांत टंगस्टन कार्बाइडचे अतिकठीण तुकडे बसविले जाऊ लागले. साध्या पोलादाच्या खाचा झिजल्या की सुई घसरते. घसरलेली सुई म्हणजे रुग्णाच्या मांसात एक अनावश्यक छिद्र. टोकाशी असलेल्या या कठीण तुकड्यांमुळे पकड दीर्घकाळ भरवशाची राहते आणि झिजलेले तुकडे बदलताही येतात.

स्वच्छतेने घडविलेला आकार

जोसेफ लिस्टर यांनी इ.स. १८६७ मध्ये कार्बोलिक आम्लाच्या साहाय्याने जखम निर्जंतुक ठेवण्याची पद्धत प्रसिद्ध केली. त्यापूर्वीची हत्यारे शिसवी किंवा हस्तिदंती मुठींची, मखमलीच्या पेटीत जपलेली असत. मुठीच्या भेगांत रोगजंतू दडत. इ.स. १८८६ च्या सुमारास बर्लिनमध्ये एर्न्स्ट फॉन बेर्गमान यांनी वाफेने निर्जंतुकीकरण रूढ केले आणि लाकूड व हस्तिदंत टिकणे अशक्य झाले. दांड्यापासून टोकापर्यंत सगळे धातूचे, गुळगुळीत आणि उघडून धुता येणारे हत्यार हवे, अशी नवी कसोटी ठरली. हत्तीचा दात शस्त्रक्रियागृहातून हद्दपार झाला तो दयेपोटी नव्हे, स्वच्छतेपोटी. पण झाला हे खरे. इ.स. १९१३ मध्ये इंग्लंडातील शेफील्ड येथे हॅरी ब्रिअर्ली यांनी न गंजणारे पोलाद तयार केले आणि पुढील दशकांत तेच शल्यसाधनांचे मुख्य द्रव्य ठरले.

दोऱ्याचा प्रश्न

जैन वाचकाच्या दृष्टीने या इतिहासातील सर्वांत अवघड भाग दोऱ्याचा आहे. रेशीम बळकट व मऊ, म्हणून दीर्घकाळ लोकप्रिय राहिले. परंतु कोशातील जिवाच्या नाशावाचून सामान्यतः ते मिळत नाही. शरीरात विरघळणारा दोरा म्हणून ‘कॅटगट’ वापरले जाई. नावात मांजर असले तरी हा दोरा मेंढीच्या किंवा गाईगुरांच्या आतड्यापासून बनतो. लिस्टर यांनी त्यावर कार्बोलिक प्रक्रिया करून इ.स. १८६९ मध्ये आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यासाठी त्यांनी वासरावर प्रयोग केला होता. पुढे क्रोमिक आम्लाची प्रक्रिया करून तो दोरा अधिक दिवस टिकविण्यात आला. शंभर वर्षे जगभर कोट्यवधी जखमा या दोऱ्याने शिवल्या गेल्या. त्यांत कटाक्षाने शाकाहार पाळणारे असंख्य रुग्णही होते आणि आपल्या शरीरात काय शिवले गेले हे त्यांतील बहुतेकांना कोणी सांगितले नाही.

पर्याय रसायनशास्त्राने दिला. नायलॉन, पॉलिएस्टर व पॉलिप्रोपिलीन यांचे न विरघळणारे धागे आले. इ.स. १९७० च्या सुमारास पॉलिग्लायकोलिक आम्लाचा आणि १९७४ मध्ये पॉलिग्लॅक्टिनचा विरघळणारा धागा प्रचारात आला. हे धागे शरीरातील पाण्याच्या योगाने ठरावीक गतीने विघटित होतात, त्यामुळे आतड्याच्या दोऱ्याच्या मानाने जखमेची आग कमी होते. गाईगुरांतील मेंदूच्या रोगाच्या भीतीने इ.स. २००१ च्या सुमारास युरोपातून आतड्याचा दोरा मागे घेण्यात आला. जे जीवदयेने सुचविले होते ते अखेर शास्त्रानेही उचलून धरले, आणि त्यात रुग्णाचे हितच झाले.

सुई आणि दोरा यांच्या जोडातही मोठी सुधारणा झाली. नेढ्याच्या सुईत दोरा ओवला की तो दुहेरी होतो आणि सुईपेक्षा जाड अशी गाठ मांसातून ओढली जाते. विसाव्या शतकाच्या पहिल्या चतुर्थकात एडिंबरा येथील जॉर्ज मर्सन यांनी सुईच्या मागील टोकातच दोरा घट्ट बसविलेली, बिननेढ्याची सुई प्रचारात आणली. छिद्र लहान झाले, मांस कमी फाटले आणि प्रत्येक रुग्णासाठी नवी, धारदार सुई मिळू लागली.

भरतकामाचे धडे आणि जवाहिऱ्याचा चिमटा

इ.स. १८९४ मध्ये फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष सादी कार्नो यांच्यावर ल्यों शहरात सुरीहल्ला झाला. यकृताकडे जाणारी मोठी शीर तुटली होती आणि ती शिवण्याची विद्या कोणालाच अवगत नव्हती. कार्नो मरण पावले. त्याच शहरातील तरुण वैद्य अलेक्सिस कॅरेल यांच्या मनाला ही गोष्ट लागून राहिली. त्यांनी मादाम लरूदिये या भरतकाम करणाऱ्या कुशल स्त्रीकडून बारीक सुईने शिवण्याचे धडे घेतले. अतिसूक्ष्म सुया, व्हॅसलिन लावलेला तलम दोरा आणि रक्तवाहिनीच्या तोंडाला तीन ठिकाणी आधाराचे टाके घालून गोल तोंड त्रिकोणी करण्याची युक्ती यांच्या बळावर त्यांनी इ.स. १९०२ मध्ये आपली पद्धत मांडली. १९१२ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. शल्यशास्त्राला जे साधले नव्हते ते एका कारागीर स्त्रीच्या बोटांत आधीपासूनच होते.

पहिल्या महायुद्धात छिन्न झालेले चेहरे पुन्हा घडविणारे हॅरॉल्ड गिलीस यांनी इंग्लंडमधील सिडकप येथे पाच हजारांहून अधिक जखमी सैनिकांवर उपचार केले. त्यांच्या नावाच्या पकडीत सुई धरण्याची व दोरा कापण्याची सोय एकाच साधनात आहे. तिला खटका नसल्याने हातावर भिस्त अधिक ठेवावी लागते, पण हत्यार खाली ठेवून कात्री उचलण्याचा खटाटोप वाचतो.

डोळ्याच्या शस्त्रक्रियेसाठी कड्यांचे दांडे जड पडत. रामोन कास्त्रोव्हिएहो (१९०४–१९८७) यांच्या नावाची पकड लेखणीप्रमाणे धरतात. तिचे दांडे स्प्रिंगचे असल्याने मनगट न हलविता केवळ बोटांच्या हालचालीने सुई वळते. इ.स. १९६० मध्ये ज्यूलियस जेकबसन यांनी सूक्ष्मदर्शकाखाली बारीक रक्तवाहिन्या शिवल्या, तेव्हा नेहमीची हत्यारे ओबडधोबड वाटू लागली. मग जवाहिरे वापरतात तसे अणकुचीदार चिमटे शल्यगृहात आले. सराफकट्ट्यावरील हिरे उचलण्याचे नाजूक साधन अशा रीतीने जीव वाचविण्याच्या कामी लागले. इ.स. १९६५ मध्ये जपानमध्ये कोमात्सु व तामाई यांनी पूर्ण तुटलेला अंगठा पुन्हा जोडला. अशा कामात वापरला जाणारा नायलॉनचा धागा केसाहूनही बारीक, मिलिमीटरच्या सुमारे पन्नासाव्या भागाइतका असतो.

या इतिहासावरील डाग

या वाटचालीचे मोल कोणी चुकविले, हेही सांगणे कर्तव्य आहे. अमेरिकेतील अलाबामा राज्यात जे. मेरियन सिम्स यांनी प्रसूतीनंतर स्त्रियांना जडणाऱ्या एका दुर्धर व्याधीवर चांदीच्या तारेच्या टाक्यांनी इ.स. १८४९ मध्ये यश मिळविले. परंतु त्याआधी चार वर्षे ज्यांच्यावर प्रयोग झाले, त्या अनार्का, लूसी, बेट्सी आणि इतर स्त्रिया गुलाम होत्या. त्यांच्यावर भूल न देता शस्त्रक्रिया झाल्या, एकट्या अनार्कावर सुमारे तीस वेळा. नकार देण्याचा अधिकार त्यांना नव्हता. न्यूयॉर्क शहरातील सिम्स यांचा पुतळा इ.स. २०१८ मध्ये हलविण्यात आला. कॅरेल यांची विद्याही कुत्र्यांवरील प्रयोगांतून सिद्ध झाली. साधन सुधारले म्हणून साधनाचा मार्ग शुद्ध ठरत नाही, हा बोध जैन विचाराला नवा नाही.

शल्यवैद्याचा हात

यतनेचे तिसरे अंग म्हणजे शिवणाऱ्याची स्वतःची सुरक्षा. शस्त्रक्रियागृहात हाताला होणाऱ्या टोचण्यांत शिवण्याच्या सुईचा वाटा फार मोठा आहे आणि त्यातून कावीळ-बी, कावीळ-सी व एचआयव्ही यांचा संसर्ग संभवतो. म्हणून स्नायूंवरील पडदा शिवण्यासाठी बोथट टोकाची सुई निघाली. ती मऊ मांसातून जाते, पण हातमोजा व कातडी सहजासहजी भेदत नाही. इ.स. २०१२ मध्ये अमेरिकेतील तीन सरकारी यंत्रणांनी अशा सुयांच्या वापराची एकत्रित शिफारस केली. टोकदार हत्यार हातातून हातात न देता मध्ये ठेवलेल्या ट्रेमध्ये ठेवावे व तेथून उचलावे, ही पद्धतही रुजत आहे. उचलताना आणि ठेवताना सावध असावे, हे आदान-निक्षेपण समितीचेच सूत्र शस्त्रक्रियागृहाने आपल्या अनुभवातून शोधून काढले, असे म्हणण्यास प्रत्यवाय नसावा.

अद्याप उणीवा आहेत. दातेरी खटका उजव्या हाताच्या अंगठ्याच्या ढकलण्यावर बेतलेला असल्याने डावखुऱ्या शल्यवैद्याला तो सोडविताना अडचण येते. कड्यांचा आकार मोठ्या पंजाला धरून ठरलेला असल्याने लहान हातांच्या वैद्यांना, विशेषतः स्त्री शल्यवैद्यांना, तासन्‌तास काम करताना त्रास होतो. ज्या हाताला सुश्रुतांनी प्रधान यंत्र म्हटले, त्या हाताचे सर्व प्रकार अजून हत्याराने ओळखलेले नाहीत.

औषधदान आणि विवेक

आहारदान, औषधदान, शास्त्रदान आणि अभयदान या चतुर्विध दानांपैकी औषधदानाची परंपरा जैन समाजाने दवाखाने, रुग्णालये व नेत्रशिबिरे यांच्या रूपाने जोपासली आहे. अशा नेत्रशिबिरांत मोतीबिंदूच्या आधुनिक शस्त्रक्रियेत छेद इतका लहान व तिरका घेतला जातो की तो आपोआप मिटतो आणि बहुधा टाका लागतच नाही. पुण्यानजीकच्या त्या कारागिराचे तत्त्व येथे नव्या रूपात भेटते.

दानाची रक्कम शस्त्रक्रियागृहासाठी दिली जाते, तेव्हा इमारतीच्या पाटीवर नाव कोरले जाते. पण रुग्णाच्या देहाला प्रत्यक्ष स्पर्श होतो तो सुई, दोरा आणि पकड यांचा. झिजलेल्या जबड्याची पकड बदलली आहे काय, दोरा कशाचा आहे हे रुग्णाला सांगितले जाते काय, प्राणिज दोऱ्याऐवजी दुसरा उपलब्ध ठेवला आहे काय, परिचारिकेच्या हाताला टोचू नये अशी व्यवस्था आहे काय, हे प्रश्न विश्वस्तांनी विचारणे हेही औषधदानच होय. खरक वैद्याच्या सांडशीने प्रभूंना वेदना झाली, तरी तिच्यामागे करुणा होती. करुणेला नेमकेपणाची जोड मिळाली की वेदनाही कमी होते, हे त्यानंतरच्या दीर्घ इतिहासाने सिद्ध केले आहे.